पिक्सेल किती, रंग किती: फोनच्या पडद्यांच्या तुलनेच्या नोंदी

२ जून

आजपासून नोंदी ठेवतोय. निमित्त आहे फोनवर वाचल्या जाणाऱ्या आमच्या मासिकाच्या मागच्या अंकातलं एक छायाचित्र: दिवेलागणीचं आभाळ, खाली काळी पडत चाललेली डोंगररांग. एका वाचकाने कळवलं, 'आभाळात रेघा दिसतात.' दुसऱ्याने लिहिलं, 'फोटो फुटलाय, मोठ्या साइझचा टाका.' माझ्या फोनवर ते चित्र गुळगुळीत दिसतं, म्हणून मी ते अंकात सोडलं होतं.

या दोन तक्रारी एकच आहेत की वेगवेगळ्या, हे मला सांगता आलं नाही, आणि तेच मला लागून राहिलं. चित्र फुटणं म्हणजे पिक्सेल कमी पडणं. आभाळात रेघा उमटणं म्हणजे छटा कमी पडणं. पहिल्याचा संबंध रिझोल्यूशनशी, दुसऱ्याचा कलर डेप्थशी. बोलताना आपण दोन्हीला 'क्वालिटी' म्हणून मोकळे होतो. महिनाभर वेळ काढून हे नीट तपासायचं ठरवलं आहे. शेवटी दोन गोष्टींचा निर्णय हवा: चित्रं किती पिक्सेलची द्यायची, आणि गडद चित्रांचं काय करायचं.

३ जून

चार फोन जमवले. तीन सध्याचे, त्यांना क, ख, ग म्हणेन.

क: ६.५ इंच, एलसीडी, ७२० बाय १६००. माहितीपत्रकात '१६.७ मिलियन रंग'.
ख: ६.५ इंच, ओएलईडी (प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो), १०८० बाय २४००. रंग तितकेच.
ग: ६.८ इंच, ओएलईडी, १४४० बाय ३२००. 'एक अब्ज रंग'.

चौथा कपाटातला जुना आयफोन ४, २०१० चा. ६४० बाय ९६०, इंचाला ३२६ पिक्सेल. तो आज कोणी वापरत नाही, पण पुढे त्याची गरज पडेल असं वाटतं.

घनता स्वतः काढली. रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ, भागिले कर्णाचे इंच. क ची २७०, ख ची ४०५, ग ची ५१६. कागदावर क सगळ्यांत खाली, अगदी २०१० च्या आयफोनच्याही खाली.

आणि रंगांचे आकडे: लाल, हिरवा, निळा या प्रत्येक मूळ रंगाला ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, तिघांचा गुणाकार १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. १० बिट म्हणजे १०२४ पायऱ्या, गुणाकार १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. यात एक गंमत लक्षात आली. ख च्या पडद्यावर पिक्सेलच मुळी २५ लाख ९२ हजार आहेत. प्रत्येक पिक्सेलला वेगळा रंग दिला तरी पावणेदोन कोटींतले सव्वीस लाखसुद्धा एका वेळी दिसणार नाहीत. म्हणजे 'इतके कोटी रंग' हा आकडा रंगांच्या संख्येसाठी वाचायचाच नाही. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाताना जिन्याला पायऱ्या किती, एवढंच त्यातून घ्यायचं.

५ जून

पहिली फसगत. फोनची माहिती आपोआप जमावी म्हणून एक छोटं वेबपान लिहिलं. ब्राउझरला विचारायचं, तुझा पडदा केवढा, रंग किती बिटांचे. उत्तरं एका तक्त्यात.

क: ३६० बाय ८००, २४ बिट.
ख: ३६० बाय ८००, २४ बिट.
ग: ३६० बाय ८००, २४ बिट.

तीन वेगळे पडदे, उत्तर एकच. आधी वाटलं कोडमध्ये चूक आहे. चूक माझ्या समजुतीत होती. ब्राउझर सांगतो ते पान मांडण्यासाठीचे पिक्सेल. खरे पिक्सेल हवे असतील तर त्यांना 'डिव्हाइस पिक्सेल रेशो'ने गुणावं लागतं. क साठी तो २ आला, म्हणजे ७२० बाय १६००. ख साठी ३, म्हणजे १०८० बाय २४००. इथवर जुळलं.

२४ बिटांच्या उत्तराला तर काहीच किंमत नाही. खरा आकडा कळत नसेल किंवा सांगायचा नसेल तर २४ म्हणावं, असं वेबच्या नियमातच लिहिलेलं आहे. त्या आकड्यावर विसंबून मी पुढचा अख्खा तक्ता बांधणार होतो.

राहिला ग. त्याचा गुणक ४ यायला हवा होता, आला ३. उद्या बघतो.

६ जून

ग चा उलगडा झाला. फोन तारेने संगणकाला जोडला आणि 'डब्ल्यूएम साइझ' ही आज्ञा दिली. दोन ओळी आल्या: फिजिकल साइझ १४४० बाय ३२००, ओव्हरराइड साइझ १०८० बाय २४००. बॅटरी वाचावी म्हणून तो फोन मुळातच कमी रिझोल्यूशनवर ठेवलेला होता. डिस्प्ले सेटिंगमध्ये पर्याय आहे, पण तो शोधायला जायचं कोण?

सेटिंग बदलायच्या आधी एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट लावून पाहिली. १०८० वरून १४४० म्हणजे एकाचे एक पूर्णांक एक तृतीयांश. एक पिक्सेल सव्वापेक्षा थोड्या जास्त पिक्सेलांवर पसरायचा, म्हणून सगळी चौकट मळकट राखाडी, मधेच लाटा. सेटिंग बदलल्यावर लाटा गेल्या. ज्याने या पडद्यासाठी पैसे मोजलेत त्याच्या हातात तो पडदा आलेलाच नसतो, आणि त्याला ते जाणवतही नाही. हे 'जाणवत नाही' मला महत्त्वाचं वाटतं.

९ जून

आज पाण्याच्या थेंबाचा प्रयोग. भिंग आहे घरात, पण थेंबाइतकं जवळ जात नाही. पांढरा पडदा लावायचा, बोट ओलं करून अगदी बारीक थेंब टेकवायचा, आणि वरून एका डोळ्याने बघायचं. पांढऱ्या पडद्याचं पांढरेपण नाहीसं होतं. उरतात लाल, हिरवे, निळे ठिपके.

क वर ते उभ्या कांड्यांसारखे दिसले: लाल, हिरवी, निळी, परत लाल, हिरवी, निळी. एका पिक्सेलमागे तीन कांड्या, शिस्तीत. आयफोन ४ वरही तसंच, फक्त बारीक.

ख वर चित्रच वेगळं. हिरवे ठिपके लहान आणि दाट, लाल-निळे मोठे आणि विरळ, तिरप्या ओळींत एकाआड एक. ही पेनटाइल मांडणी. प्रत्येक पिक्सेलला हिरवा ठिपका स्वतःचा, पण दुसरा एकच: एका पिक्सेलला लाल, शेजारच्याला निळा. तीनऐवजी दोन. हिशेब केला तर क्रमवार मांडणीत ख ला ७७ लाख ७६ हजार सबपिक्सेल (असे रंगीत ठिपके) लागले असते, प्रत्यक्षात आहेत ५१ लाख ८४ हजार. माहितीपत्रकात हे कुठेच नाही. '१०८० बाय २४००' हे वाक्य खोटं नाही, फक्त लाल आणि निळ्याच्या बाबतीत ते पुरं खरं नाही. लाल-निळ्याची घनता दोनाच्या वर्गमुळाने कमी होते. ४०५ ला १.४१ ने भागलं की २८६.

हिरव्याला झुकतं माप देण्यामागे कारण आहे आणि ते पटण्यासारखं आहे. उजळपणा ठरवताना डोळा हिरव्याचं सर्वांत जास्त ऐकतो. एचडी टीव्हीच्या प्रमाणात उजळपणाचं वजन लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२, निळ्याला ०.०७२२ असं धरतात. अक्षराची कड डोळा उजळपणावरूनच ओळखतो, मग हिरवे पुरे ठेवून बाकीचे काटले तर फारसं बिघडत नाही. ओएलईडीत निळा घटक लवकर झिजतो, तो मोठा ठेवता येतो हाही फायदा.

तरीही थोडं बिघडतंच. परवाची एकेका पिक्सेलची चौकट ख वर लावली तर राखाडीत हलकी पिवळट झाक आली. चौकट एक पिक्सेल सरकवली की झाक बदलून निळसर. कारण उघड आहे: पहिल्या वेळी पांढऱ्या घरांत बहुतेक लाल ठिपके पडले, दुसऱ्या वेळी निळे. पडद्याचं सर्किट शेजाऱ्यांत रंग वाटून ही झाक दाबतं, पुसून टाकत नाही.

११ जून

घनतेचा आकडा अंतराशिवाय अपुरा. आज अंतर मोजलं.

सामान्य दृष्टीचा डोळा एक मिनिट कोनापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो असं धरतात. एक अंशाचा साठावा भाग. ३० सेंटीमीटरवर तो ०.०८७ मिलिमीटर भरतो, म्हणजे इंचाला २९१ पिक्सेल. २०१० मध्ये आयफोन ४ दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी दहा-बारा इंचांवरून ३०० ही डोळ्याची मर्यादा सांगितली होती, ती याच हिशेबातली. पडदे तपासणाऱ्या डिस्प्लेमेटचे रेमंड सोनेरा यांनी तेव्हाच हरकत घेतली होती: तीक्ष्ण डोळ्याला ०.६ मिनिट दिसतं, मग बारा इंचांवर ४७७ लागतील. दोघांचं बरोबर आहे, प्रश्न कोणाचा डोळा आणि किती लांबून हा आहे.

म्हणून घरात टेप घेऊन हिंडलो. आई वाचायला बसली होती. चष्मा लावून, फोन मांडीवरच्या उशीवर टेकवून.

'आई, आहेस तशीच बस, हलू नकोस.'
'अरे, फोटो काढतोयस का? केस विस्कटलेत माझे.'
'अंतर मोजतोय. फोन डोळ्यांपासून किती लांब धरतेस ते.'
'मग मोज. जवळ धरला तर मला दिसतच नाही.'

४५ सेंटीमीटर. त्या अंतरावर १९४ पुरतात. तिच्याकडे क आहे, २७० चा. तिच्यासाठी क, ख, ग यांत रिझोल्यूशनचा काही फरक नाही, आणि ती हे हिशेबाशिवाय जाणून आहे: 'माझा फोन चांगला दिसतो की.'

भाचा पालथा पडून खेळत होता. १५ सेंटीमीटर. तिथे ५८२ लागतात, म्हणजे ग सुद्धा तोकडा. त्याला फोन लांब धर म्हणून सांगितलं ते मात्र पिक्सेलसाठी नव्हे.

१४ जून

मजकुराची चाचणी. मासिक वाचण्यासाठी आहे, तेव्हा अक्षरांवर जास्त वेळ घालवायचं ठरवलं होतं.

देवनागरी पडद्याकडून रोमन लिपीपेक्षा जास्त मागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, पायमोडके. ओळीच्या उंचीतून वरचा-खालचा मजला वजा केला की मूळ अक्षराला निम्म्याच्या आसपास जागा उरते. त्यात जोडाक्षर आलं की तेवढ्यात दोन मजले. म्हणून मुद्दाम असे शब्द निवडले: उद्ध्वस्त, द्वंद्व, वाङ्मय, तऱ्हा, मूर्च्छा, कुष्ठ, निर्ऋती, पद्म, विद्या. 'द्ध' आणि 'द्व' यांतला फरक एका बारीक गाठीचा आहे. 'ङ' ची ओळख त्याच्या टिंबावर. तेच टिंब शेजारच्या रेषेला चिकटलं की 'ड' झालाच.

मांडणीच्या १२ पिक्सेलांत क वर अक्षराला खरे २४ पिक्सेल मिळतात, ख वर ३६, ग वर ४८. ३० सेंटीमीटरवरून वाचलं. क वर 'उद्ध्वस्त' हा शब्द ओळखीचा म्हणून वाचता येतो, मधलं जोडाक्षर बघून नव्हे. 'ध्व' चा सगळा पाय एक काळा गोळा. 'वाङ्मय' मधलं टिंब आहे की नाही, खात्री नाही. १४ वर नेलं तर टिंब सुटं झालं. १६ वर 'ध्व' ची गाठ उघडली. ख वर १२ मध्येही सगळं सुटं. ग वर तेच, किंचित काळंभोर. ख आणि ग डोळे मिटून अदलाबदल करून हातात घेतले, कोणता कोणता ते मला अक्षरांवरून ओळखता आलं नाही.

मग आयफोन ४. ख ४०५, हा ३२६. आकड्यानुसार अक्षरं मऊ दिसायला हवीत. मला ती ख इतकीच टोकदार दिसली, काळ्यावर लाल मजकूर असेल तर जास्तच. लाल मजकूर पेनटाइलवर कडेला करवतीसारखा होतो, कारण तिथे फक्त लाल ठिपके काम करतात आणि ते २८६ चेच आहेत. क्रमवार मांडणीच्या ३२६ मध्ये लालही ३२६ च. दोन आकडे शेजारी ठेवून मोठा तो चांगला म्हणण्याआधी आता मी थेंब टाकून बघेन.

तिरक्या रेषांची गोष्ट जरा वेगळी आहे. दोन रेषा एकमेकींपासून सरकल्यात का, हे डोळा एक मिनिटाच्या कितीतरी खाली, काही सेकंद कोनापर्यंत पकडतो. म्हणून 'य' किंवा 'र' च्या तिरप्या फटकाऱ्यावरचे दाते २९१ च्या हिशेबापेक्षा वरच्या पडद्यांवरही जाणवू शकतात. कडा मऊ करणारं अँटी-एलियासिंग नसतं तर क वर वाचणं कठीण झालं असतं.

१६ जून

दिवस वाया. रंगछटांची चाचणी-चित्रं मेसेजिंग ॲपमधून तीनही फोनवर पाठवली आणि तिन्हीकडे सारखेच पट्टे दिसले. ॲपने चित्रं वाटेत दाबून लहान केली होती. 'डॉक्युमेंट' म्हणून परत पाठवली. शिवाय गॅलरी चित्र पडद्यात बसवताना ताणते, त्यामुळे एकास एक दाखवणारं पान स्वतः लिहिलं. ऑटो ब्राइटनेस, रात्रीचा पिवळा फिल्टर, 'व्हिव्हिड' रंग, सगळं बंद. निळा कमी करणारा फिल्टर निळ्याच्या पायऱ्याच खातो, हे विसरून चालणार नाही.

१७ जून

कलर डेप्थची सुरुवात मागून केली.

२००२ च्या नोकिया ७६५० चा पडदा १७६ बाय २०८, रंग ४०९६. पुढच्याच वर्षीच्या नोकिया ६६०० चे पिक्सेल तेवढेच, रंग ६५,५३६. त्या काळात पिक्सेल न वाढवता रंग वाढले, आणि ज्यांनी दोन्ही फोन पाहिले त्यांना दुसऱ्यावर छायाचित्रं खरी वाटू लागली. आज उलट, पिक्सेल वाढत जातात आणि रंगांबद्दल कोणी बोलत नाही.

६५,५३६ म्हणजे एका पिक्सेलला १६ बिट: लाल ५, हिरवा ६, निळा ५. इथेही जास्तीचा बिट हिरव्याला. सुरुवातीच्या अँड्रॉइडवरही ही पद्धत भरपूर वापरात होती, कारण स्मृती निम्मी लागते. ते फोन हाताशी नाहीत म्हणून संगणकावर नक्कल केली: काळ्यापासून गडद राखाडीपर्यंतचा उतार, ० ते ६३, आधी २४ बिटांत, मग १६ बिटांत मोडून, आणि दोन्ही ख वर.

१६ बिटांचं चित्र बघून मी थोडा वेळ गप्पच बसलो. राखाडी राखाडी राहिलीच नव्हती. एक पट्टा हिरवट, त्यानंतर शुद्ध राखाडी, परत हिरवट. हिरव्याच्या १६ पायऱ्या, लाल-निळ्याच्या ८ च. हिरवा एक पाऊल पुढे जातो तेव्हा बाकीचे दोघे थांबलेले असतात, मग तेही येतात आणि रंग जुळतो. हिरव्याची प्रत्येक पायरी १५० ओळींची, म्हणजे पडद्यावर जवळपास साडेनऊ मिलिमीटर. बोटाच्या पेरभर जाडीचे पट्टे. रिझोल्यूशन कितीही वाढवलं तरी ते नाहीसे होणार नाहीत, कारण ते पिक्सेलचे नाहीतच.

'फोटो मोठ्या साइझचा टाका' म्हणणाऱ्या वाचकाला तेव्हा मी मोठा फोटो पाठवला असता. त्याला तेच पट्टे जास्त पिक्सेलांत दिसले असते.

२० जून

आता ८ बिट. मासिकातल्या आभाळाचं मूळ चित्र ८ बिटांचंच आहे, मग २५६ पायऱ्यांत पट्टे का दिसावेत? पायऱ्या सगळीकडे सारख्या उंचीच्या नाहीत म्हणून. आज हिशेब करून पाहिला.

एसआरजीबी या पडद्यांच्या नेहमीच्या रंग-मानकाच्या वक्रानुसार २०० वरून २०१ वर गेलं की प्रकाश साधारण १.१ टक्का वाढतो. १० वरून ११ वर गेलं की १० टक्क्यांहून जास्त. चांगल्या उजेडात डोळ्याला एक टक्क्याच्या आसपासचा फरक कळतो. उजळ भागात पायरी डोळ्याच्या उंबरठ्यावरच आहे, चुकून दिसते किंवा दिसत नाही. गडद भागात ती उंबऱ्याच्या बरीच वर. भर दुपारी खोलीत पडद्यावर आपलंच प्रतिबिंब पडतं आणि ही पायरी त्यात बुडून जाते. रात्री दिवा मालवून वाचणाऱ्याला ती लख्ख दिसते. आमच्या वाचकाने चित्र रात्री पाहिलं असणार असं मला राहून राहून वाटतंय.

आभाळाच्या चित्रात मोजलं: वरची कड ४५, डोंगराजवळ १४. एकतीस पायऱ्या, उंची हजार पिक्सेल. एकेक पायरी तीस-बत्तीस पिक्सेलांची, म्हणजे ख वर दोन मिलिमीटर. दोन मिलिमीटरची सरळ, आडवी, स्वच्छ रेघ. डोळा अशा रेघा शोधण्यासाठीच बनलेला आहे. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या शिवेवर तो फरक वाढवूनच दाखवतो.

२१ जून

छोटी नोंद. पट्टे दाखवायला तिन्ही फोनचे स्क्रीनशॉट घेतले, शेजारी ठेवले. तिन्ही सारखे. साहजिक आहे: स्क्रीनशॉट म्हणजे फोनच्या स्मृतीतलं चित्र, ते पडद्यापर्यंत पोचायच्या आधीचं. पडद्याचा गुणदोष त्यात येतच नाही. कॅमेऱ्याने पडद्याचा फोटो काढला तर लाटा आणि ओएलईडीच्या लुकलुकीचे काळे पट्टे. डोळा आणि वही, एवढीच साधनं भरवशाची.

२४ जून

क बद्दल शंका होती. गडद उतारावर त्याचे पट्टे ख पेक्षा मऊ दिसायचे, पण भिंग लावलं की काहीतरी वळवळल्यासारखं व्हायचं. स्लो मोशनमध्ये, सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम), भिंगातून चित्रण केलं. सपाट गडद राखाडी, काहीही हलत नसलेली. चित्रणात पिक्सेल एकाआड एक उजळतात, मंदावतात, परत उजळतात. मुंग्या चालल्यासारखं.

याला फ्रेम रेट कंट्रोल म्हणतात. पडद्याला स्वतःच्या ६४ पायऱ्याच येतात, ६ बिटांच्या. मधली छटा हवी असेल तर तो खालची आणि वरची पायरी आळीपाळीने दाखवतो, चार चौकटींत एकदा वरची तर पाव, दोनदा तर अर्धी. डोळा सरासरी काढतो. ६ बिट अधिक २ बिटांची ही हातचलाखी, आणि माहितीपत्रकातले १.६७ कोटी रंग त्यातूनच भरून निघतात. खऱ्या पायऱ्यांनी मोजले तर २ लाख ६२ हजार १४४. मला यात लबाडी वाटत नाही. ही चलाखी चांगली जमली आहे, साध्या डोळ्याला मुंग्या दिसत नाहीत, आणि उलट त्यामुळेच पट्ट्यांच्या कडा मऊ झाल्यात. पण ही गोष्ट कळल्यावर एक विचार डोक्यात आला, तो परवा तपासतो.

२८ जून

ग चे एक अब्ज रंग. ८ बिटांचं चित्र दाखवून १० बिटांचा पडदा तपासणं म्हणजे लिटरच्या भांड्यात पावशेर ओतून ते मोठं आहे का बघणं. म्हणून तोच गडद उतार १० बिटांच्या व्हिडिओत बनवला. एका पायरीच्या जागी चार.

दिवसा: ८ आणि १० मध्ये फरक नाही. रात्री, दिवा बंद, ब्राइटनेस निम्मा: ८ बिटांत रेघा, १० बिटांत नाहीत. इतकं स्पष्ट की आईला हाक मारली. तिने चष्म्यातून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. 'हे पाण्यासारखं आहे, आणि यात पायऱ्या आहेत.' पिक्सेलांत जिला काही फरक पडत नव्हता तिला छटांतला फरक पहिल्या नजरेत कळला. पट्टा दोन मिलिमीटरचा, तो ४५ सेंटीमीटरवरूनही दिसतो. माझ्यासाठी अख्ख्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष हा.

तोच व्हिडिओ ख वर चालतो, तक्रार न करता. फक्त पडद्यावर ८ बिटांतच उतरतो, रेघांसकट.

अब्ज रंग म्हणजे जास्त भडक रंग नव्हेत, हेही आज ताडून पाहिलं. ग वर रंगाचा मोड एसआरजीबीसारखा केला की लाल ख सारखाच लाल. रंगांचा आवाका, म्हणजे मोठा पी३ की लहान एसआरजीबी, ही वेगळी बाब. आवाका म्हणजे जिना किती उंच, डेप्थ म्हणजे त्याला पायऱ्या किती. उलट पायऱ्या तेवढ्याच ठेवून जिना उंच केला तर प्रत्येक पायरी उंच होते आणि पट्टे वाढतात.

२ जुलै

२४ जूनला आलेला विचार असा होता: क चा पडदा वेळेत छटा मिसळतो, तर आपण चित्रातच जागेत का मिसळू नये? कल्पना फार जुनी आहे. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६२ मध्ये दाखवलं होतं की चित्राच्या पायऱ्या कमी करण्याआधी त्यात थोडा गोंगाट, म्हणजे पिक्सेलांच्या उजळपणात वाटेल तसा किंचित कमीजास्तपणा, मिसळला तर पट्टे मोडतात. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची चूक शेजाऱ्यांत वाटून देण्याची रीत १९७६ ची.

आभाळाचं मूळ कॅमेऱ्याचं कच्चं चित्र १४ बिटांचं निघालं. आमच्या छायाचित्रकार मैत्रिणीने ते जपून ठेवलं होतं, तिचे मनापासून आभार. त्यावरून परत ८ बिटांत आणताना एका पायरीएवढा गोंगाट घातला. ख वर रात्री पाहिलं. रेघा गेल्या. डोळा अगदी चिकटवला तर बारीक रवा दिसतो, ३० सेंटीमीटरवरून काहीच नाही. ग वर हे ८ बिटांचं चित्र आणि १० बिटांचा व्हिडिओ शेजारी ठेवले तर मला फरक सांगता येईना.

आता अडचण. जेपेग करताना दर्जा ८० ठेवला आणि रेघा परत हजर. जेपेग बारीक, क्षीण तपशील आधी फेकतो, आणि आपला गोंगाट म्हणजे नेमका तोच. दर्जा ९५ वर बराचसा टिकला, फाइल अडीच पट झाली. नुकसान न करणाऱ्या वेबपी या फाइल-प्रकारात पूर्ण टिकला, फाइल त्याहून मोठी.

५ जुलै

फाइलचं वजन कुठून कमी करायचं? उत्तर ६ आणि १४ जूनच्या नोंदींत होतं. आम्ही आजवर सगळी चित्रं २१६० पिक्सेल रुंद द्यायचो, 'मोठं ते बरं' म्हणून. पडदा जास्तीत जास्त १४४० चा, आणि तो सुद्धा बहुधा १०८० वर ठेवलेला. आभाळाचं चित्र १०८० वर आणलं तर पिक्सेल एक चतुर्थांश. दर्जा ९५ लावूनही फाइल जुन्यापेक्षा लहान. पिक्सेलमधली बचत छटांवर खर्च केली.

फोनही आत असाच हिशेब करतो. १०८० बाय २४०० चं एक चित्र ३२ बिटांत १ कोटी ३ लाख ६८ हजार बाइट, सेकंदाला ६० वेळा म्हणजे ६२ कोटी बाइट, १२० वेळा म्हणजे त्याच्या दुप्पट. जुन्या फोनांनी १६ बिट का पत्करले ते या आकड्यांकडे बघून समजतं.

८ जुलै

निर्णय लिहून संपादकांना पाठवले. चित्रं १०८० रुंद. आभाळ, धुकं, पाणी, रात्र असं काही असेल तर कच्च्या चित्रावरूनच काम करायचं, गोंगाट घालायचा, दर्जा ९५. उजेडातल्या गजबजलेल्या चित्रांना ८० पुरेल, त्यांत पट्टे लपतात. मजकूर १६ च्या खाली नाही, तळटीपासुद्धा १४ च्या खाली नाहीत. पानाच्या माथ्यावरचा काळ्यातून निळ्यात जाणारा उतार काढून टाकायचा, तिथे सपाट रंग. त्या उताराकडे गेली तीन वर्षं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. आज रात्री क वर पाहिला, पाच ठळक पट्टे.

आभाळाचं चित्र बदलून चढवलं आणि दोन्ही वाचकांना कळवलं. 'रेघा दिसतात' म्हणणाऱ्या वाचकाचं लगेच उत्तर आलं: रेघा नाहीत, पण डोंगराच्या वर एक तारा दिसतोय, तो आधी होता का?

मूळ चित्र उघडून पाहिलं. होता. पट्ट्याच्या शिवेत गेला होता.